कॅमडेनची हिरवाई : नागरिकांनी मिळवलेली, नागरिकांनीच राखलेली

लंडनच्या नकाशावर कॅमडेन हा बरो लहानसाच दिसतो. क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस किलोमीटर, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकवस्ती दोन लाख दहा हजारांच्या आसपास. हॅम्पस्टेड, सेंट पँक्रस आणि होबर्न या तीन जुन्या बरोंचे एकत्रीकरण होऊन १९६५ मध्ये तो अस्तित्वात आला. उत्तरेला हॅम्पस्टेड हीथचे विस्तीर्ण माळरान, दक्षिणेला ब्लूम्सबरीचे वृक्षाच्छादित चौक आणि मधोमध यूस्टन, सेंट पँक्रस व किंग्ज क्रॉस या तीन मोठ्या रेल्वेस्थानकांनी, त्यांच्या रुळांनी व गोदामांनी व्यापलेली जमीन अशी त्याची ढोबळ रचना आहे. इतक्या दाट वस्तीच्या आणि इतक्या महागड्या जमिनीच्या भागात एवढी हिरवाई टिकली कशी, या प्रश्नाचे उत्तर नगररचनाकारांच्या आराखड्यांपेक्षा रहिवाशांच्या चळवळींच्या इतिहासात अधिक सापडते.

कॅमडेनशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. प्रिमरोझ हिलच्या पायथ्याजवळील १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतले. टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या उद्यानात १९६८ पासून महात्मा गांधींचा पुतळा आहे. आजही या परिसरातील विद्यापीठे, रुग्णालये आणि कार्यालये यांत काम करणाऱ्या मराठी व्यावसायिकांच्या रोजच्या वाटा याच उद्यानांतून आणि कालव्याच्या काठाने जातात. ही उद्याने कोणाच्या श्रमाने उभी राहिली आणि कोणाच्या जागरूकतेने टिकून आहेत, याचा हा आढावा.

हॅम्पस्टेड हीथ : चाळीस वर्षांचा लढा

सुमारे ३२० हेक्टरांचे हॅम्पस्टेड हीथ आज सर्वांसाठी खुले आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते मॅनरच्या धन्याच्या मालकीचे माळरान होते. सर टॉमस मॅरियन विल्सन यांनी १८२९ मध्ये आपल्या जमिनीवर घरबांधणीसाठी भाडेपट्टे देता यावेत म्हणून संसदेत विधेयक आणले. हॅम्पस्टेडच्या रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला आणि विधेयक बारगळले. त्यानंतरही त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले आणि प्रत्येक वेळी विरोधकांनी ते हाणून पाडले. १८६९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या वारसाने तडजोडीची तयारी दाखवली. १८७१ च्या हॅम्पस्टेड हीथ कायद्याने ही जमीन मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स या तत्कालीन सार्वजनिक संस्थेने विकत घेतली आणि ती कायमची मोकळी, कुंपणाविना व बांधकामाविना ठेवण्याचे बंधन कायद्यात नमूद झाले.

या लढ्याला आधार होता तो सामाईक जमिनीवरील जुन्या वहिवाटीच्या हक्कांचा. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या कॉमन्स प्रिझर्वेशन सोसायटीने हेच हक्क न्यायालयात मांडून लंडनभोवतालच्या अनेक मोकळ्या जागा वाचवल्या. समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिल या त्या चळवळीच्या एक प्रमुख कार्यकर्त्या होत्या. पुढे १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. आज पर्यटक जिथून लंडनचे विहंगम दृश्य पाहतात ती पार्लमेंट हिलची जमीन १८८९ मध्ये सार्वजनिक निधी, स्थानिक संस्थांचे पैसे आणि लोकवर्गणी यांच्या बळावर हीथला जोडली गेली. १८९७ मध्ये रहिवाशांनी हीथच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. हीथ अँड हॅम्पस्टेड सोसायटी या नावाने ती आजही कार्यरत आहे.

हीथचा कारभार पुढे लंडन काउंटी कौन्सिल आणि ग्रेटर लंडन कौन्सिल यांच्याकडे गेला. १९८६ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त झाल्यावर हीथचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला; अखेर १९८९ मध्ये सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने जबाबदारी स्वीकारली. सव्वाशे वर्षांत चार कारभारी बदलले, पण रहिवाशांची संस्था तीच राहिली. जमिनीची स्मृती कार्यालयांपेक्षा अशा संस्थांमध्ये अधिक काळ टिकते, हे त्यातून दिसते.

प्रत्येक लढाई संस्थेने जिंकली असे मात्र नाही. हीथवरील तळ्यांचे बांध अतिवृष्टीत फुटू नयेत म्हणून ते उंच व भक्कम करण्याची योजना कॉर्पोरेशनने आखली, तेव्हा हे काम गरजेपेक्षा मोठे आहे आणि त्याने हीथचे नैसर्गिक रूप बिघडेल, अशी संस्थेची भूमिका होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०१४ मध्ये न्यायालयाने संस्थेचे म्हणणे फेटाळले आणि पुढे काम पार पडले. लोकसहभागाचे मोल केवळ जयपराजयावर ठरत नाही. प्रत्येक निर्णयाची कारणे लोकांसमोर मांडावी लागणे, हीच त्याची खरी फलश्रुती असते.

कोळशाच्या आगारातून निसर्गोद्यान

हीथ ही व्हिक्टोरियन काळाची देणगी म्हणावी, तर कॅमली स्ट्रीट नॅचरल पार्क हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चळवळीचे फळ आहे. किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस या स्थानकांच्या मागे, रीजंट्स कालव्याच्या काठाला कोळसा उतरवण्याचे जुने आगार होते. रेल्वेने कोळसा येणे थांबल्यावर ती सुमारे दोन एकर जागा ओस पडली आणि तिच्यावर आपोआप झाडोरा माजला. या जागेचा वापर वाहनतळासाठी करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा रहिवासी आणि १९८१ मध्ये स्थापन झालेला लंडन वाइल्डलाइफ ट्रस्ट एकत्र आले. ग्रेटर लंडन कौन्सिलच्या साहाय्याने तिथे तळे, दलदलीचा पट्टा, कुरण आणि छोटे वनक्षेत्र तयार करण्यात आले आणि १९८५ मध्ये निसर्गोद्यान खुले झाले. भोवतालच्या सोमर्स टाउनमधील कामगारवस्तीच्या शाळांतील मुलांना तळ्यात जाळी टाकून पाणकिडे पाहण्याची सोय घराजवळ मिळाली.

किंग्ज क्रॉसच्या मागील जमिनीचा कायापालट करण्याच्या योजना पुढे एकामागून एक आल्या. चॅनेल टनेलच्या रेल्वेमार्गामुळे काही काळ या उद्यानाचे अस्तित्वच धोक्यात आले होते. शेजारी काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, जुन्या गॅसटाक्यांच्या लोखंडी सांगाड्यांत सदनिका झाल्या. पण उद्यान जागेवर राहिले. २०१७ मध्ये कालव्यावर झालेल्या सोमर्स टाउन पुलाने हा परिसर पलीकडच्या नव्या वस्तीशी जोडला. त्यानंतर काही वर्षे उद्यान नूतनीकरणासाठी बंद होते आणि २०२१ मध्ये नव्या अभ्यागत केंद्रासह ते पुन्हा उघडले.

मुंबईकरांना ही कथा ओळखीची वाटेल. धारावीलगत मिठी नदीच्या काठी पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. त्या जागेवर पर्यावरण कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने झाडे लावण्यात आली आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. माहीम निसर्ग उद्यान या नावाने ओळखले जाणारे ते सुमारे ३७ एकरांचे हरितक्षेत्र आणि कॅमली स्ट्रीटचे दोन एकर यांच्या आकारात मोठी तफावत आहे. पण दोन्ही ठिकाणी शहराने टाकून दिलेली जमीनच निसर्गाने आणि नागरिकांनी सावरली.

रिकाम्या भूखंडांची बाग

१९७० आणि १९८० च्या दशकांत कॅमडेनमध्ये अशी आणखीही उदाहरणे घडली. केंटिश टाउनमध्ये रेल्वेच्या रुळांलगत पडीक जागेवर १९७२ मध्ये शहरी शेत सुरू झाले. ब्रिटनमधील पहिले शहरी शेत म्हणून केंटिश टाउन सिटी फार्मचा उल्लेख होतो. घोडे, शेळ्या, मेंढ्या आणि भाजीपाल्याचे वाफे असलेली ही जागा पाहून पुढे देशभर अशी शेते उभी राहिली.

ग्रेज इन रोडवरील कॅलथॉर्प उद्यानाच्या जागी कार्यालयाची इमारत होणार होती. रहिवाशांनी मोहीम चालवून ती जागा मिळवली आणि १९८४ पासून तिथे लोकांनीच चालवलेली बाग आहे. तिच्या एका भागात खेळायला मैदान, एका भागात मुलांसाठी जागा आणि एका भागात वाफे आहेत, ज्यांत निरनिराळ्या देशांतून आलेली कुटुंबे आपापल्या ओळखीच्या भाज्या पिकवतात. त्याच वर्षी सेंट जाइल्स चर्चमागे, गाड्या उभ्या करण्याच्या जागेवर फिनिक्स गार्डन आकाराला आले. कोव्हेंट गार्डनच्या आसपास त्या काळात रहिवाशांनी अशा अनेक बागा फुलवल्या होत्या. जमिनीचे भाव वाढले तशा त्या एकेक करून बांधकामाखाली गेल्या; फिनिक्स मात्र उरले.

या तिन्ही जागांमध्ये एक समान सूत्र आहे. जमीन सार्वजनिक मालकीची, भाडेपट्टा दीर्घ मुदतीचा आणि कारभार स्थानिक विश्वस्तांचा. केवळ तात्पुरत्या परवानगीवर उभ्या राहिलेल्या बागा जमिनीचा भाव वधारताच उठवल्या जातात, असा लंडनचा अनुभव आहे. म्हणून अनुभवी कार्यकर्ते नव्या गटांना पहिला सल्ला देतात तो रोपांविषयी नसतो. जागेचा कागद पक्का करा, हे ते आधी सांगतात.

हरितमार्ग : सुट्या बागांना जोडणारा धागा

स्वतंत्र उद्यान कितीही सुंदर असले तरी चहूबाजूंनी रस्त्यांनी वेढलेले असेल तर तेथील जीवसृष्टी हळूहळू दुबळी होते. बेडूक, वटवाघूळ, फुलपाखरे, लहान सस्तन प्राणी यांना अन्नासाठी व जोडीदारासाठी एका जागेतून दुसऱ्या जागेत जाता यावे लागते. हरितमार्गाची कल्पना इथून येते. कॅमडेनमध्ये असे दोन नैसर्गिक धागे आहेत : एक रीजंट्स कालवा, दुसरा रेल्वेमार्गांच्या कडेची झाडी.

रीजंट्स कालवा १८२० मध्ये पूर्ण झाला. पॅडिंग्टनपासून लाइमहाऊसपर्यंत सुमारे १४ किलोमीटर धावणाऱ्या या कालव्याच्या काठी पूर्वी घोडे नावा ओढत असत; आज त्याच पायवाटेने लोक कामाला जातात. २०१२ पासून त्याची देखभाल कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था करते आणि तिचे स्वयंसेवक काठावरचा कचरा काढणे, भिंती रंगवणे, पाणवनस्पतींचे तरंगते वाफे बसवणे अशी कामे करतात. रेल्वेच्या कडेला बेल्साइज वूड, वेस्टबेअर कॉप्स आणि ॲडलेड या छोट्या स्थानिक निसर्गराखीव जागा आहेत. त्या एकेकट्या पाहिल्या तर किरकोळ वाटतात. नकाशावर मात्र त्या रुळांच्या झाडीला टेकलेल्या विश्रांतिस्थळांसारख्या दिसतात.

जोडणी तुटली की काय होते, याचा इशारा रीजंट्स पार्कमधील हेजहॉग देतात. काटेरी अंगाच्या या लहान प्राण्याची मध्य लंडनमध्ये उरलेली प्रजननक्षम वस्ती याच उद्यानात आहे. २०१४ पासून स्वयंसेवक रात्री विजेऱ्या घेऊन त्यांची मोजदाद करतात. चहूबाजूंच्या रहदारीमुळे त्यांना उद्यानाबाहेर पडता येत नाही आणि बाहेरून नवे प्राणीही येत नाहीत. घराच्या कुंपणाच्या तळाशी तळहाताएवढे भोक ठेवावे, ही वरकरणी क्षुल्लक वाटणारी सूचना निसर्गसंस्था वारंवार करतात ती यासाठीच.

माणसांसाठीच्या हरितमार्गाची सर्वांत महत्त्वाकांक्षी कल्पना म्हणजे कॅमडेन हायलाइन. केंटिश टाउन रोडजवळच्या कॅमडेन गार्डन्सपासून यॉर्क वेपर्यंत, चालू रेल्वेमार्गाला लागून एक बंद पडलेला उन्नत मार्ग आहे. त्यावर सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचे उद्यान करावे, हा विचार २०१५ च्या सुमारास पुढे आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून ६० हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. न्यूयॉर्कची हाय लाइन घडवणाऱ्या जेम्स कॉर्नर यांच्या संस्थेची २०२१ मध्ये रचनाकार म्हणून निवड झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या टप्प्याला कौन्सिलची मंजुरी मिळाली. मंजुरीनंतरचा मार्ग मात्र अवघड ठरला. उन्नत उद्यानाला जिने, उद्वाहने, सुरक्षाभिंती आणि कायमचा देखभालखर्च लागतो. एवढा निधी उभारणे लोकवर्गणीच्या आवाक्याबाहेरचे असते.

न्यूयॉर्कचा अनुभवही इथे दुधारी आहे. तिथे १९९९ मध्ये दोघा रहिवाशांनी सुरू केलेल्या संस्थेने २००९ मध्ये पहिला टप्पा खुला करून दाखवला. परंतु उद्यानामुळे आसपासच्या घरांचे भाव भडकले आणि जुन्या रहिवाशांना त्याचा लाभ कितपत झाला, हा वाद मागे राहिला. कॅमडेनमध्ये हायलाइनच्या मार्गालगत कौन्सिलच्या भाड्याच्या घरांची संख्या मोठी आहे. म्हणून घरांच्या खिडक्यांत डोकावणारी गर्दी होणार नाही ना आणि वरच्या बागेत खालच्या मुलांना मुक्त प्रवेश असेल ना, हे प्रश्न रहिवाशांनी विचारणे स्वाभाविक होते.

याउलट कॅमडेनच्या सीमेवरील हायगेटपासून फिन्सबरी पार्कपर्यंतचा पार्कलँड वॉक हा साध्या मार्गाने घडलेला हरितपट्टा आहे. रेल्वे बंद झाली, रूळ उचलले गेले, झाडी वाढली आणि लोक चालू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यावरून रस्ता नेण्याचा घाट घातला गेला. रहिवाशांच्या तीव्र विरोधानंतर तो सोडून द्यावा लागला. आज तो स्थानिक निसर्गराखीव म्हणून संरक्षित आहे. तिथे भव्य रचना नाही, पण दररोज वापर आहे.

हरवलेली बाग

सगळेच वाचले असे नाही, हे सांगितल्याखेरीज हा आढावा पुरा होणार नाही. यूस्टन स्थानकाच्या पश्चिमेला सेंट जेम्सेस गार्डन्स हे जुन्या दफनभूमीवर वसलेले उद्यान होते. द्रुतगती रेल्वेच्या एचएस-टू प्रकल्पासाठी ते २०१७ मध्ये बंद करण्यात आले, मोठे वृक्ष तोडले गेले आणि हजारो मृतांचे अवशेष उकरून हलवावे लागले. ऑस्ट्रेलियाचा किनारा नकाशावर आणणारे दर्यावर्दी मॅथ्यू फ्लिंडर्स यांची शवपेटिका २०१९ मध्ये तिथेच सापडली. स्थानकासमोरील यूस्टन स्क्वेअर गार्डन्समध्ये २०२१ च्या आरंभी आंदोलकांनी भुयार खणून ठाण मांडले. तरी तेथील झाडे वाचली नाहीत. त्यानंतर मार्च २०२३ मध्ये सरकारने यूस्टनचे काम खर्चाच्या कारणास्तव स्थगित केले. उद्यान गेले आणि त्या जागी कित्येक वर्षे पत्र्यांची कुंपणे उभी राहिली. भारतीय खाद्यगृहांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेजारच्या ड्रमंड स्ट्रीटवरील व्यावसायिकांनी या काळात गिऱ्हाईक आटल्याच्या तक्रारी केल्या.

हा प्रकल्प संसदेच्या खास कायद्याने मंजूर झालेला असल्यामुळे नेहमीची स्थानिक परवानगीची प्रक्रिया तिथे अपुरी पडली. राष्ट्रीय प्रकल्पापुढे स्थानिक लोकसहभागाची मर्यादा कुठे येते, याचे हे ठळक उदाहरण आहे. आरे येथील मेट्रो कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत झालेली वृक्षतोड ज्यांनी दुरून पाहिली, त्यांना त्यातील हतबलता समजावून सांगावी लागत नाही.

नागरिकांच्या हाती असलेली साधने

इंग्लंडमध्ये उद्यानांची देखभाल हे स्थानिक संस्थांचे कायद्याने बंधनकारक कर्तव्य नाही. शिक्षण, समाजकल्याण यांसारख्या बंधनकारक सेवांसाठी पैसा अपुरा पडला की कात्री प्रथम उद्यानांच्या तरतुदीला लागते. म्हणून रहिवाशांच्या हाती कोणती कायदेशीर साधने आहेत हे माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

पहिले साधन वृक्षसंरक्षण आदेशाचे. एखाद्या झाडाचे परिसराच्या दृष्टीने महत्त्व असेल तर कौन्सिल असा आदेश काढू शकते आणि तशी विनंती कोणीही रहिवासी करू शकतो. वारसा-संवर्धन क्षेत्रांतील ठरावीक जाडीपेक्षा मोठ्या झाडांना आदेश नसतानाही संरक्षण असते. ती तोडण्यापूर्वी सहा आठवड्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. कॅमडेनचा मोठा भाग अशा क्षेत्रांत मोडतो. घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी परसातील झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वी हा नियम पाहून घ्यावा. उल्लंघनाबद्दल मोठा दंड होतो.

दुसरे साधन २०११ च्या लोकलिझम कायद्याने दिले. किमान २१ सदस्यांचा परिसर-मंच स्थापन करून रहिवासी आपल्या भागाचा आराखडा स्वतः तयार करू शकतात. सार्वमतात तो मंजूर झाला की बांधकामाच्या अर्जांवर निर्णय घेताना कौन्सिलला त्याचा विचार करावाच लागतो. केंटिश टाउन, हायगेट, हॅम्पस्टेड, वेस्ट हॅम्पस्टेड आणि फॉर्च्यून ग्रीन यांचे असे आराखडे अस्तित्वात आहेत. एखाद्या लहान मोकळ्या जागेला ‘स्थानिक हरितक्षेत्र’ म्हणून जाहीर करून घेण्याचा मार्गही त्यातून खुला होतो.

तिसरे साधन पैशाचे आहे. नव्या बांधकामांवर आकारल्या जाणाऱ्या पायाभूत सुविधा शुल्कातील किमान १५ टक्के रक्कम त्या परिसरातील लोकांशी विचारविनिमय करून खर्च करावी लागते; आराखडा मंजूर असलेल्या भागात हे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत जाते. खेळाची साधने, बाके, नवी झाडे, तळ्याची दुरुस्ती अशी कामे यातून होऊ शकतात. मात्र मागणी करणारा गट संघटित असेल तरच.

चौथे साधन नागरिकसभेचे. जुलै २०१९ मध्ये कॅमडेनने हवामानसंकटावर नागरिकसभा भरवली. असा उपक्रम करणारी ती ब्रिटनमधील पहिली कौन्सिल मानली जाते. वय, वंश, घराचा प्रकार यांचे प्रमाण सांभाळून निवडलेल्या सुमारे पन्नास रहिवाशांनी तज्ज्ञांचे म्हणणे ऐकून १७ शिफारशी केल्या आणि कौन्सिलने त्यांच्या आधारे पुढील कृती आराखडा तयार केला. हात वर करून बोलणारे नेहमीचेच दहाजण सोडून इतरांचा आवाज ऐकण्याची ही पद्धत उद्यानांच्या नियोजनातही उपयोगी पडणारी आहे.

या साधनांना दोन्ही बाजूंनी धार असते. डॉ. आंबेडकरांच्या घराचे संग्रहालयात रूपांतर करण्याला शेजाऱ्यांनी गर्दी आणि गोंगाटाच्या भीतीने हरकत घेतली होती आणि कॅमडेन कौन्सिलने परवानगी नाकारली होती. अपिलानंतर मार्च २०२० मध्ये ती मिळाली. जी हरकत-सूचनांची प्रक्रिया बाग वाचवते, तीच एखाद्या समाजाच्या स्मृतिस्थळाच्या आड येऊ शकते. त्या प्रक्रियेपासून फटकून राहणाऱ्याचे म्हणणे मात्र कोणत्याच बाजूला नोंदले जात नाही.

श्रमदानाचे व्याकरण

कॅमडेनमधील अनेक उद्यानांना ‘फ्रेंड्स’ या नावाने ओळखले जाणारे रहिवाशांचे मित्रमंडळ असते. हीथवर १९९९ पासून हीथ हँड्स ही संस्था स्वयंसेवकांचे काम संयोजित करते. अशा मंडळांचे काम बाहेरून वाटते त्यापेक्षा शिस्तीचे असते. कुरणातील गवत उन्हाळ्याअखेर कापायचे आणि कापलेले गवत उचलून न्यायचे, कारण ते तिथेच कुजले तर माती अधिक सुपीक होऊन रानफुलांऐवजी दांडगे गवत फोफावते. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण मार्च ते ऑगस्ट, झुडपांच्या कुंपणांना हात लावायचा नाही. तळ्यातील गाळ एकदम न काढता थोडा थोडा काढायचा आणि पाणकिड्यांना परत पाण्यात जाता यावे म्हणून तो काठावर एक-दोन दिवस ठेवायचा. हत्यारे, विमा आणि सुरक्षेची पूर्वतयारी यांची जबाबदारी बहुधा जागेची मालक संस्था घेते.

या व्यवस्थेची उणीवही स्पष्ट आहे. ज्यांच्याकडे वेळ, भाषेवरील प्रभुत्व आणि कार्यालयीन पत्रव्यवहाराचा सराव असतो, त्यांच्याच वस्तीतील उद्याने चांगली राहण्याचा धोका असतो. हॅम्पस्टेडला वकील, वास्तुरचनाकार आणि पत्रकार शेजारीच भेटतात. सोमर्स टाउनला ते शोधावे लागतात. दुसरा धोका असा की स्वयंसेवक काम करतात म्हणून कौन्सिलने पगारी माळी कमी करावेत. श्रमदान हे प्रशिक्षित माळ्याला पूरक असावे, त्याची जागा घेणारे नसावे, ही भूमिका जुनी मंडळे आग्रहाने मांडतात. रोजची साफसफाई, मोठ्या वृक्षांची तपासणी आणि खेळसाधनांची सुरक्षितता ही कामे रविवारच्या दोन तासांवर सोपवता येत नाहीत.

मराठी समाजाला यात काय?

लंडनमधील मराठी संस्थात्मक जीवन जुने आहे. महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापना १९३२ ची. गणेशोत्सव, दिवाळी आणि नाट्यप्रयोग यांची परंपरा तिथे भक्कम आहे. परंतु ज्या परिसरात घर आहे तेथील उद्यान-मंडळ, परिसर-मंच किंवा कालव्याकाठची सफाई यांत नवस्थलांतरित व्यावसायिकांची उपस्थिती अनेकदा तुरळक असते. भाड्याचे घर, व्हिसाची अनिश्चितता आणि कामाचे तास ही त्याची समजण्याजोगी कारणे आहेत. तरीही उद्यानातील श्रमदानासाठी मालकीचे घर लागत नाही आणि बांधकामाच्या अर्जावर मत नोंदवण्यासाठी नागरिकत्वही लागत नाही. भोवतालच्या वृद्ध शेजाऱ्यांशी ओळख होण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच सापडेल.

देणेघेणे एकतर्फी असण्याचेही कारण नाही. मुंबईच्या ओव्हल मैदानाची दुरवस्था झाली असता परिसरातील रहिवासी संघटनेने १९९० च्या दशकात न्यायालयात जाऊन त्याचा कायापालट घडवला; २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेलेल्या इमारतींच्या दोन रांगांमधोमध ते मैदान आहे. पुण्यात नव्याने समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर ९७८ हेक्टरांचे जैवविविधता उद्यान राखून ठेवण्यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि वेताळ टेकडीवरील प्रस्तावित रस्त्याविरुद्ध हजारो पुणेकर चालत रस्त्यावर उतरले. सामाईक जमीन, वहिवाट, गायरान आणि देवराई या संकल्पना मराठी मुलखाला परक्या नाहीत. हॅम्पस्टेडच्या रहिवाशांनी १८२९ मध्ये जो हक्क मांडला, तो गावच्या गायरानाच्या हक्काहून फार निराळा नव्हता.

दोन्हीकडची तफावत आहे ती नोंदींत. कॅमडेनमध्ये दीडशे वर्षांचे करार, कायद्यातील अटी, सभांची इतिवृत्ते आणि झाडांच्या याद्या जपल्या गेल्या आणि संकट आले तेव्हा तेच कागद कामी आले. पुण्याच्या टेकडीवर किंवा नागपूर-नाशिकच्या एखाद्या उद्यानासाठी झटणाऱ्या गटाला परदेशातील मराठी माणसाने पैशांइतकीच मदत या कामात करता येईल : जुने नकाशे मिळवणे, झाडांची मोजदाद संगणकावर आणणे, हरकतींचा मसुदा तपासून देणे. आणि ज्यांचे घर कॅमडेनमध्येच आहे त्यांच्यासाठी पहिली पायरी आणखी जवळची आहे. बहुतेक उद्यानांच्या फाटकाजवळच्या सूचनाफलकावर पुढच्या श्रमदानाची तारीख लावलेली असते.